तंबोरा, गिटार आणि आपण

काही वर्षांपूर्वी मी एक कथा लिहून एका अंकाकडे पाठवली होती. कथेचा नायक नळदुर्गचा. बाप एस.टी.त कंडक्टर, आई शिवणकाम करणारी, घरात दखनी, शाळेत मराठी. हा मुलगा सोलापूरला कॉलेजात जातो, तिथं त्याच्या कानावर पिंक फ्लॉइड पडतो आणि तो उधारीवर एक जुनी गिटार घेतो. कथा साभार परत आली. सोबत संपादकांची चिठ्ठी होती आणि ती त्यांनी मनापासून लिहिली होती. भाषा आवडली, वातावरण आवडलं, पण नायक 'मुस्लिम वाटत नाही', असं त्यांचं म्हणणं होतं. गिटारऐवजी कव्वाली घेतली तर कथा 'आतून' येईल, असा सल्लाही होता.

मी त्या संपादकांवर रागावलो नाही. कारण चिठ्ठी वाचल्यावर मी घरातली पुस्तकं काढून बसलो आणि आपल्याच मुस्लिम मराठी कथा-कादंबऱ्यांत कोण काय ऐकतं, हे बघू लागलो. 1990 साली सोलापुरात पहिलं अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून आपण एकच गोष्ट ठासून सांगत आलो आहोत. मराठी साहित्यातला मुसलमान हा अत्तर, शेरवानी आणि शायरी यांचा पुतळा आहे, तो खरा नाही. खरा मुसलमान विडी वळतो, माग चालवतो, रेशनच्या रांगेत उभा राहतो. हे म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि त्यासाठी आपल्या आधीच्या पिढीनं मोठी किंमत मोजली. पण माझ्यासमोरच्या पुस्तकांत हा विडी वळणारा, माग चालवणारा माणूस कान देऊन ऐकत होता ते काय? उरुसातली कव्वाली, मोहरमचे मर्सिये, फार तर रफीसाहेबांची गाणी. म्हणजे पोटापुरतं वास्तव आपण लिहिलं, आणि कानाच्या बाबतीत तोच जुना पुतळा ठेवला. ही उणीव दुसऱ्या कुणाची नाही. ती आपली आहे आणि तिच्याबद्दल आपण बोललं पाहिजे.

मी स्वतः गेली तीसेक वर्षं ज्याला सायकेडेलिक रॉक म्हणतात ते आणि त्याच्या वंशातलं इंडी संगीत ऐकत आलो आहे. 'सायकेडेलिक' हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञानं 1956च्या सुमारास दोन ग्रीक शब्द जोडून घडवला. अर्थ साधारण असा, की मन उघडं करून दाखवणारं. शब्द आला एलएसडीच्या प्रयोगांतून, आणि म्हणूनच हे संगीत म्हटलं की लोकांना आधी नशा आठवते. 'इंडी' म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच्या पैशानं तबकडी काढणारे. 1977 साली मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी अशीच स्वतः काढली, तेव्हापासून ही वाट रुळली. मला यात काही परकं वाटलं नाही. आमच्या भागातल्या उरुसात कव्वालांच्या कॅसेटी अशाच विकल्या जायच्या. छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण, झेरॉक्सचं वेष्टन, विक्रीला कव्वालाचाच भाचा. इंडी हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता, धंदा ठाऊक होता.

पहिली कॅसेट मी सोलापूरहून आणली ती पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर'ची. ही तबकडी 1975ची. माझ्या हाती आली तेव्हा तिला पंधरा वर्षं उलटून गेली होती. सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही. एकच सूर धुक्यासारखा पसरत जातो. त्यात सिंथेसायझर आहे आणि ओल्या बोटानं काठ घासून वाजवलेल्या काचेच्या पेल्यांचा आवाजही मिसळलेला आहे. आपल्या जलतरंगाचा हा लांबचा भाऊच. घरात टेप एकच होता आणि तो बैठकीत होता. अब्बा असरची नमाज पढून आले, चप्पल काढता काढता थांबले. मी घाईनं बटणाकडे हात नेला. एरवी माझी गाणी लागली की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "कायकू दिमाग खारा रे?" त्या दिवशी ते म्हणाले, "तंबूरा है क्या ये?" मी म्हटलं, नाही, इंग्रजी बाजा आहे. ते खाली बसले. ढोल सुरू होईपर्यंत ऐकलं आणि मग "अब बिगाड दिये" म्हणून उठून गेले.

अब्बा संगीताचे जाणकार नव्हते. पण त्या एका प्रश्नात त्यांनी जे ओळखलं, ते ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली.

तंबोऱ्याचा आवाज कशानं येतो हे मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांना विचारावं. तार सरळ ताणून छेडली तर ती टणत्कार करून विझते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी किंचित बाक असतो. तार कंप पावताना त्या माथ्याला घासत राहते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून ही घासण नेमकी जागेवर आणतात. त्यामुळं मूळ सुराच्या पोटातले वरचे सूर, ज्यांना स्वयंभू सूर म्हणतात, ते एकामागून एक बाहेर पडतात आणि आवाज भुंग्यासारखा गुणगुणतो. यालाच जवारी म्हणतात. कानस आणि पॉलिश कागद घेऊन ती जवारी काढायला बसलेला कारागीर डोळ्यांनी काम करत नाही, कानांनी करतो.

आता इलेक्ट्रिक गिटारकडे या. 1962 साली अमेरिकेत फझ-टोन नावाची एक पेटी बाजारात आली. गिटारचा विद्युतसंकेत तिच्यातून नेला की त्याची टोकं छाटली जातात. छाटलेल्या लहरीतून मूळ सुरात नसलेले किंवा दबलेले वरचे सूर उसळून येतात. आवाज खरखरतो, जाड होतो, लांबतो. 1965च्या रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये हीच पेटी आहे. सायकेडेलिक संगीताचा सगळा डोलारा या खरखरीवर आणि एका जागी धरून ठेवलेल्या सुरावर उभा आहे. जवारी आणि फझ यांची साधनं निराळी, इतिहास निराळा. पण दोन्हींना एकच गोष्ट साधायची आहे. स्वच्छ सुराला थोडं दुखवायचं, म्हणजे त्याच्या आत दडलेलं ऐकू येतं. आणि ही माझी कल्पनेची कोटी नाही. 1967 साली अमेरिकेतल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीनं 'कोरल' या नावानं इलेक्ट्रिक सतार काढली. ती खरं तर गिटारच होती, फक्त तिची घोडी अशी घडवली होती की तार तिला घासावी आणि झणकार निघावा. म्हणजे मिरजेच्या गल्लीतली युक्ती त्यांनी लाकडाऐवजी गिटारवर बसवून विकायला काढली.

मिरजेचे हे कारागीर मुख्यतः शिकलगार. तलवारींना धार लावणारे हात. लढाया संपल्या, शस्त्रांचं काम आटलं आणि हे हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. त्यांना लागणारा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं, चंद्रभागेच्या काठच्या शेतांतून. वारकऱ्यांच्या वाटेवरचा भोपळा, मुसलमान कारागिराचा हात, आणि त्यावर गाणारे ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरनिद्रा घेणारे अब्दुल करीम खाँ. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उशिरा का होईना, मिळालं.

हे सगळं सांगितलं की आपल्याकडे एक मोह होतो. 'बघा, त्यांचं सगळं आपलंच!' असं म्हणून छाती फुगवायची. मला हा मोह धोक्याचा वाटतो. विमान आमच्या ग्रंथात होतं म्हणणाऱ्यांना आपण हसतो. मग रॉक आमच्या दर्ग्यात होतं म्हणून कसं चालेल? म्हणून देवाणघेवाण नेमकी कशी झाली ते नीट पाहू.

बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं 1965 साली 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार वाजवली. ती शिकाऊ माणसाची सतार आहे. गिटारची चाल सतारीवर काढली आहे इतकंच. पुढच्या वर्षीच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये मात्र खरा बदल झाला. तिथं जवळजवळ अख्खं गाणं एकाच स्वरसंगतीवर उभं आहे आणि खाली तंबोरा चालू आहे. पाश्चात्त्य गाण्याचा धर्म म्हणजे एका स्वरसंगतीवरून दुसरीवर जाणं. तो धर्म इथं थांबला. मग 1967चं 'विदिन यू विदाऊट यू'. हॅरिसनचं हे गाणं मला त्या काळातलं सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात तो भारतीय वाद्यं सजावटीला घेत नाही, गाण्याची बांधणीच त्यांच्यावर सोपवतो. पण त्या तबकडीच्या वेष्टनावर जगातल्या नामवंतांचे साठेक चेहरे छापले आणि लंडनमधल्या ज्या भारतीय वादकांनी हे गाणं वाजवलं त्यांची नावं छापली नाहीत. प्रेम खरं, आणि विसरही खरा. दोन्ही एकाच तबकडीवर आहे.

पुढं जानेवारी 1968मध्ये हॅरिसन मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ असे वादक त्यात होते. 'वंडरवॉल म्युझिक'चा मोठा भाग आणि 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत तिथलं आहे. 1972मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन आपलीच दोन गाणी पुन्हा वाजवून पाहिली. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे 2015 साली बाहेर आलं. ऐकलं तर कळतं की दोन्ही बाजू चाचपडत आहेत. तालाचा हिशेब जुळत नाही, पण कुणी सोडून जात नाही. मला हे चाचपडणं पुष्कळ गुळगुळीत फ्यूजनपेक्षा जास्त आवडतं.

1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशसाठी झालेल्या मैफिलीचा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांनी वाद्यं सुरात लावली, आणि हजारोंच्या जमावानं गाणं संपलं समजून टाळ्या पिटल्या. रविशंकरांनी त्यावर हसून टोमणा मारला. आपल्याकडे हा किस्सा गोऱ्यांच्या अज्ञानाचा म्हणून सांगतात. मीही तसाच सांगत होतो. आता मला वाटतं, ते लोक अगदीच चुकले नव्हते. राग त्यांना कळत नव्हता. पण तारा सुरात आल्या की जो आवाज उमटतो तो त्यांच्या कानाला पुरेसा होता, कारण वर्षानुवर्षं ते त्यांच्या बँडांमध्ये तोच आवाज शोधत होते. त्या टाळ्या कलाकाराला नव्हत्या असं धरलं तरी वाद्याला होत्या, आणि वाद्य घडवणाऱ्याच्या वाट्याला एवढ्या टाळ्या दुसऱ्या कुठल्या मैफिलीत आल्या असतील?

नशेबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर आपल्यातले वडीलधारे मला माफ करणार नाहीत. या संगीतातल्या कित्येकांनी नशेपायी स्वतःची राख केली. पिंक फ्लॉइडचा पहिला गायक सिड बॅरेट हे त्याचं उदाहरण. 'विश यू वेअर हिअर' ही त्याच्या नसण्याचीच तबकडी आहे. पण यातही एक धागा आपल्या मुलखात येतो. 'द हू' या बँडचा पीट टाउनशेंड अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या मेहेरबाबांचा अनुयायी. मेहेरबाबांनी 1966 साली एलएसडीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली होती. गोळीतून ईश्वर भेटत नाही असं त्यांचं सांगणं. 1971च्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावात एक मेहेरबाबा आहेत आणि दुसरा टेरी रायली, जो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँचे शागीर्द, आणि वहीद खाँ हे मिरजेच्या अब्दुल करीम खाँचे भाऊबंद. मेहेरबाबांच्या आयुष्यातली पहिली हाक पुण्याच्या हजरत बाबाजान या मुस्लिम फकीर स्त्रीची. रॉक संगीत ऐकणारा मुलगा वाट चुकलाय असं म्हणणाऱ्यांनी एकदा ही वाट कुठून कुठं जाते ते पाहावं.

आणि नळदुर्ग? आमच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. 1613 सालचं काम, बांधणारा मीर इमादीन, राज्य दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचं. पावसाळ्यात धरण भरलं की नर आणि मादी अशा दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं आणि महालाच्या खिडकीत उभं राहिलं तर अंगावर शिंतोडा न येता पाण्याचा पडदा समोर दिसतो. हा इब्राहिम स्वतःला जगद्गुरू म्हणवायचा. त्यानं दखनीत 'किताबे-नवरस' लिहिली. त्यातली गीतं रागांत बांधलेली आहेत. त्यांत सरस्वती आहे, गणपती आहे आणि गुलबर्ग्याचे बंदानवाज गेसूदराजही आहेत. आपल्या तंबोऱ्याला त्यानं मोतीखाँ असं नाव ठेवलं होतं आणि गीतांत त्याचं कौतुक केलं आहे. एखादा पोरगा गिटारला नाव ठेवून तिच्यावर गाणं करतो तेव्हा आपण त्याला वेडा म्हणतो; इथं बादशहानं तेच केलं आहे.

पाणीमहालात मी लहानपणी पुष्कळ वेळा उभा राहिलो आहे. पाण्याचा तो अखंड आवाज काही वेळानं आवाज राहत नाही. त्यात माणसं बोलताहेत असं वाटतं, कुणी हाक मारल्याचा भास होतो. पुढं 1991ची माय ब्लडी व्हॅलेंटाइनची 'लव्हलेस' ही तबकडी ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा पाणीमहाल आठवला. तिच्यात गिटारींचा धबधबा आहे आणि गाणारा आवाज त्याच्या मागे, पडद्याआड आहे. समीक्षक या तबकडीला गोंगाट म्हणाले, स्वप्न म्हणाले. मला ती घरची वाटली. आता यात इब्राहिमाचा काही वाटा नाही, आणि त्या आयरिश-इंग्रज मुलांना नळदुर्ग ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ऐकणारा आपला कान गावातूनच घेऊन जातो. समीक्षेत याला जागा असली पाहिजे.

आपल्यात एक आक्षेप हमखास येतो: हे ख्रिस्ती गोऱ्यांचं संगीत, मुसलमानाला त्याच्याशी काय करायचं? ज्यांना असं वाटतं त्यांनी तुर्कस्तानकडे पाहावं. तिथं एर्किन कोराय, बारिश मांचो, सेल्दा बाजान यांनी 1970च्या दशकात आशिक म्हणजे लोकशाहिरांची गाणी घेतली, साझ या आपल्या तंतुवाद्याला वीज जोडली आणि अनातोलियन रॉक उभं केलं. कोरायची 'इलेक्ट्रॉनिक तुर्क्युलेर' 1974ची, सेल्दाची पहिली मोठी तबकडी 1976ची. सेल्दाच्या आवाजात आमच्या बार्शीच्या शाहीर अमर शेखांची धार आहे. 1980च्या लष्करी बंडानंतर गाण्यांपायी तिला तुरुंगही घडला. इराणचा कोरुश यघमाई, मालीच्या वाळवंटातले तुआरेग वादक 'तिनारिवेन', हे सगळे मुसलमान मुलखांतले. तिनारिवेनला 2012 साली ग्रॅमी मिळालं. आणि त्याच वर्षी उत्तर मालीत कट्टर गटांनी संगीतावर बंदी आणली. गिटार हातात धरणं हा तिथं जिवाशी खेळ झाला. आपल्याकडे हा वाद नवा नाही. इमाम गझालींनी समाअवर सविस्तर लिहून ठेवलं आहे, आणि निजामुद्दीन औलियांना समाअसाठी दिल्लीच्या दरबारात जाब द्यावा लागला होता. तेव्हा ऐकावं की न ऐकावं हा प्रश्न ज्याच्या त्याच्या दिलाशी. पण 'हे आपलं नाही' हे वाक्य इतिहासात टिकत नाही.

पाकिस्तानच्या 'जुनून'चा उल्लेख इथं करावाच लागेल. 1997चं त्यांचं 'सयोनी' आपल्याकडे घराघरात वाजलं. गिटार उत्तम, तबल्याची साथ उत्तम. पण त्यांच्यावर 'सूफी रॉक' हा शिक्का बसला आणि त्या शिक्क्यानं घात केला असं माझं मत आहे. कारण तो हळूहळू परवान्यासारखा वापरला जाऊ लागला. मुसलमानानं गिटार घ्यावी, पण सूफी असेल तरच. कंटाळा आला म्हणून, प्रेमात आपटला म्हणून, रविवारची दुपार लांबली म्हणून गिटार वाजवण्याची मुभा इंग्रज पोराला आहे. आपल्या पोरानं मात्र वाजवली की त्यातून अल्लाह तरी यायला हवा किंवा दंगल तरी. माझ्या कथेवरच्या त्या चिठ्ठीत हेच होतं.

आपल्या देशात 'इंडियन ओशन'नं ही कोंडी बऱ्याच अंशी फोडली. 2000 सालच्या त्यांच्या 'कांदिसा'त केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे आणि नर्मदेच्या खोऱ्यातलं 'मा रेवा' आहे. बास वाजवणारा राहुल राम नर्मदा आंदोलनात होता. 2009 साली वारलेल्या अशीम चक्रवर्तींचा आवाज आणि तबला त्यात आहे. या चौघांनी कुणाच्या मालकीचा दाखला मागितला नाही, आणि जिथून घेतलं त्या माणसांपासून तोंडही फिरवलं नाही. मराठीत 'अभंग रिपोस्ट'सारख्या मुंबईच्या तरुणांनी तुकोबा-नामदेवांचे अभंग बास आणि ड्रमवर आणले. मग श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना का नाही? 'योगसंग्राम'कार शेख महंमद मुसलमान, वारकरी आणि मराठी कवी. त्यांच्या ओव्या एका धरलेल्या सुरावर किती खुलतील! दखनीतल्या इब्राहिमाच्या गीतांना का नाही? हे करायला स्टुडिओ लागत नाही. इंडी याचा अर्थच तो आहे. लागतो फक्त एखादा मुलगा, ज्याला आपण हे तुझंही आहे असं सांगितलेलं असेल.

ते सांगण्याचं काम साहित्याचं. कादंबरीतला मुसलमान पंक्चर काढताना काय गुणगुणतो, हे लिहिताना आपण खरोखर त्याच्या दुकानात जाऊन कान दिला का? की त्याच्या दाढीकडे बघून गाणं ठरवलं? दुसऱ्यांनी आपल्याला साच्यात घातलं म्हणून आपण संमेलनं घेतली, ठराव केले. आता साचा आपल्या हातात आहे.

हे मी दुसऱ्यांना ऐकवत नाही. हा लेख लिहायच्या आधी ती परत आलेली कथा मी पुन्हा वाचली. गिटार आहे, पिंक फ्लॉइड आहे, सोलापूरचं दुकान आहे. आणि बाप? बाप मुलाला शिव्या देतो, शैतानी म्हणून कॅसेट चुलीत घालतो. माझ्या बापानं असं काहीच केलं नव्हतं. तो चप्पल काढता काढता थांबला होता आणि "तंबूरा है क्या" म्हणून खाली बसला होता. हे वाक्य पहिल्या खर्ड्यात होतं; वहीत अजून दिसतं. मीच ते खोडलं होतं. नमाजी, दाढीवाल्या बापाच्या तोंडी ते वाचकाला खरं वाटणार नाही, असं तेव्हा मला वाटलं होतं. त्या संपादकांनी मुलाबद्दल जे केलं तेच मी अब्बांबद्दल केलं होतं, आणि अब्बा तर माझे होते.

अब्बा आता नाहीत. कथा पुन्हा लिहायला घेतली आहे. बाप खाली बसतो, तिथून.